वांगी रंग निळा का दिसला? ग्रे कार्डाच्या साहाय्याने अचूक व्हाइट बॅलन्स

काही वर्षांपूर्वी येवल्यातील एका विणकर कुटुंबासाठी मी पैठण्यांची छायाचित्रे काढली होती. त्यांपैकी वांगी रंगाची एक साडी छायाचित्र पाहून एका ग्राहकाने मागवली आणि हातात पडताच परत पाठवली. छायाचित्रात ती निळी दिसत होती, प्रत्यक्षात मात्र ती तांबूस जांभळी होती. चूक सर्वस्वी माझी होती. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या रंगानुसार चित्राचे रंग दुरुस्त करणारी सोय, मी ‘ऑटो’वर ठेवला होता, पदराची सोनेरी जर चौकटीत बरीच आली होती आणि त्या सोनेरी रंगालाच कॅमेऱ्याने प्रकाशाचा पिवळेपणा समजून सगळे चित्र थंड केले होते. त्याच साडीच्या पुढच्या छायाचित्रात हिरवे काठ अधिक आले, तेव्हा तोच वांगी रंग पुन्हा वेगळा उमटला. एकाच जागी, एकाच प्रकाशात, पाच मिनिटांच्या अंतराने काढलेली ती दोन छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली आणि त्या दिवसापासून ग्रे कार्डाशिवाय, म्हणजे तटस्थ राखाडी रंगाच्या कार्डाशिवाय, मी साड्यांचे काम घेतलेले नाही.

साडी असो, सराफ बाजारातील दागिना असो किंवा निर्यातीसाठी काढलेल्या द्राक्षांच्या घडाचे छायाचित्र असो, जिथे पाहणारा रंगावर विश्वास ठेवून निर्णय घेतो, तिथे ‘मला बरे दिसते’ हे प्रमाण चालत नाही. डोळा प्रकाशाशी इतक्या लवकर जुळवून घेतो की पिवळ्या दिव्याखाली दहा मिनिटे बसल्यावर आपल्याला पांढरा कागद पांढराच दिसू लागतो. म्हणून रंगाची मोजणी डोळ्यावर न सोपवता एका ठरलेल्या वस्तूवर सोपवावी लागते. ही वस्तू म्हणजे ग्रे कार्ड. ते कसे निवडावे, कसे धरावे आणि संपादनात त्याचा उपयोग कसा करावा, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

झाक येते कुठून

प्रकाशाच्या रंगाचे माप केल्विनमध्ये देतात. दिव्याच्या ज्योतीचा प्रकाश सुमारे १९०० केल्विन, जुन्या पिवळ्या बल्बचा सुमारे २८००, दुपारच्या उन्हाचा सुमारे ५५००, ढगाळ आकाशाचा सुमारे ६५०० आणि मोकळ्या आकाशाखालील सावलीचा ७००० ते ८००० केल्विन असतो. आकडा जितका लहान, तितका प्रकाश तांबूस, आणि आकडा जितका मोठा, तितका निळसर. दुकानांत सर्रास दिसणारी ‘कूल डेलाइट’ एलईडी ट्यूब बहुधा ६५०० केल्विनची असते.

येथे नव्याने शिकणाऱ्यांचा हमखास गोंधळ होतो. सॉफ्टवेअरमधील टेम्परेचरची पट्टी मोठ्या आकड्याकडे सरकवली की चित्र पिवळे होते, मग मोठा आकडा निळा कसा, असा प्रश्न पडतो. पट्टीवरचा आकडा हा चित्राला द्यायचा रंग नसून ‘छायाचित्र काढताना प्रकाश असा होता’ हे सॉफ्टवेअरला सांगणे आहे. प्रकाश ८००० केल्विनचा, म्हणजे निळा होता असे सांगितले, की ते निळेपणा काढण्यासाठी चित्रात पिवळेपणा मिसळते.

दुसरी पट्टी टिंटची असते आणि ती हिरवा ते मॅजेंटा, म्हणजे जांभळट गुलाबी, या दिशेने काम करते. ऊन, बल्ब आणि ज्योत यांच्या प्रकाशात टिंटचा फारसा प्रश्न येत नाही. स्वस्त एलईडी, जुन्या ट्यूबलाइट आणि झाडाच्या पानांतून गाळून आलेला प्रकाश यांत मात्र हिरवी झाक असते आणि ती टेम्परेचरच्या पट्टीने कितीही प्रयत्न केला तरी जात नाही. चेहरे पिवळे करूनही आजारी दिसत असतील, तर दोष बहुधा टिंटचा असतो.

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल, हिरवे आणि निळे असे तीन प्रकारचे बिंदू असतात. व्हाइट बॅलन्स म्हणजे हिरव्याच्या तुलनेत लाल आणि निळ्या बिंदूंच्या आकड्यांना किती पटीने वाढवायचे, हे ठरवणे. आता ज्या वस्तूवरून तिन्ही रंगांचा प्रकाश सारख्याच प्रमाणात परततो, अशी वस्तू त्या प्रकाशात ठेवली आणि तरीही तिचे तीन आकडे असमान आले, तर ती असमानता वस्तूची नसून प्रकाशाची आहे, हे निश्चित होते. हे तीन आकडे समान करणारी पट हीच त्या प्रकाशाची अचूक दुरुस्ती. ग्रे कार्डाचे सगळे शास्त्र एवढेच आहे, आणि त्याची मर्यादाही त्यातच आहे: कार्ड जिथे धरले होते तिथल्या प्रकाशाबद्दल ते सांगते, त्यापलीकडे काही नाही.

पांढरा कागद का चालत नाही

कार्ड विसरल्यावर बहुतेकांचा हात पांढऱ्या कागदाकडे जातो. छपाईच्या कागदात तो अधिक शुभ्र दिसावा म्हणून चमक आणणारी रसायने घातलेली असतात. ती डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात, त्यामुळे उन्हात तो कागद निळसर असतो आणि त्याच्यावर बेतलेले चित्र पिवळट होते. पांढऱ्या कपड्यांचेही तसेच आहे. धोतर, सदरा किंवा टोपी नीळ घालून धुतलेली असते, म्हणजेच ती पांढरी दिसावी म्हणून मुद्दाम निळसर केलेली असते. आजच्या धुण्याच्या पावडरींतही कागदासारखीच रसायने असतात. लग्नात आजोबांच्या टोपीवर टिचकी मारून व्हाइट बॅलन्स ठरवला आणि सगळे वऱ्हाड पिवळे झाले, तर त्याचे कारण ही नीळ आहे.

काळा दगडही भरवशाचा नाही. काळाराम मंदिराचा किंवा घाटावरचा दगड डोळ्याला राखाडी-काळा वाटतो, पण बेसाल्टमध्ये अनेकदा तपकिरी झाक असते, त्यावर तेल, कुंकू आणि शेवाळ यांचे थर बसलेले असतात, आणि फार गडद भागात सेन्सरचा गोंगाटही, म्हणजे ठिपक्यांसारखा दोषही, अधिक असतो. घरच्या प्रिंटरवर राखाडी चौकोन छापून कार्ड बनवण्याचा मार्गही टाळावा. तो राखाडी रंग रंगीत शाया मिसळून तयार होतो आणि उन्हात तटस्थ दिसणारी छपाई एलईडीखाली हिरवट किंवा गुलाबी होऊ शकते.

कार्ड विकत घेताना ते ‘व्हाइट बॅलन्ससाठी’ आहे, असे स्पष्ट लिहिलेले घ्यावे. परंपरेने ग्रे कार्ड १८ टक्के प्रकाश परत करणारे असते, कारण तेवढा प्रकाश परत करणारा पृष्ठभाग डोळ्याला काळ्या-पांढऱ्याच्या जवळजवळ मध्यावर वाटतो. हा १८ टक्क्यांचा हिशेब मुळात एक्स्पोजर, म्हणजे छायाचित्राला किती प्रकाश द्यायचा ते, मोजण्यासाठी महत्त्वाचा. व्हाइट बॅलन्ससाठी कार्ड थोडे फिके किंवा गडद असले तरी बिघडत नाही. ते निखळ तटस्थ आणि चमकरहित मात्र असलेच पाहिजे. पुठ्ठ्यापेक्षा आरपार एकाच रंगाचे प्लास्टिकचे कार्ड मला अधिक पसंत आहे, कारण ते पुसता येते. हळदीच्या कार्यक्रमात कार्डावर पिवळे बोट उमटायला एक क्षण पुरतो, आणि तो डाग पुढच्या सगळ्या छायाचित्रांचा रंग बिघडवतो. कार्ड पाकिटात ठेवावे, उन्हात गाडीच्या काचेमागे टाकू नये, आणि पिवळे पडल्याची शंका आली की बदलावे.

छायाचित्र काढताना

कॅमेरा रॉ स्वरूपावर ठेवावा. रॉ फाइलमध्ये तीन रंगांचे मूळ आकडे जसेच्या तसे राहतात आणि व्हाइट बॅलन्स ही केवळ सोबत लिहिलेली नोंद असते, त्यामुळे ती नंतर कितीही बदलली तरी चित्राचे नुकसान होत नाही. कॅमेऱ्यातील व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’ न ठेवता ‘डेलाइट’ किंवा एखाद्या ठरावीक केल्विनवर ठेवावा. रॉमध्ये त्याने अंतिम निकाल बदलत नाही हे खरे. पण सगळी छायाचित्रे एकाच पायावर असली की प्रकाश कुठे बदलला ते संगणकावर एका नजरेत दिसते.

कार्ड कुठे धरायचे, यावर सगळे अवलंबून आहे. साडी टेबलावर पसरली असेल तर कार्ड साडीवरच, तिच्याच पातळीत ठेवावे. चेहरा टिपायचा असेल तर कार्ड हनुवटीखाली, चेहऱ्याच्या रेषेत धरायला सांगावे. छायाचित्रकाराने स्वतःच्या जागी उभे राहून हात लांब करून कार्ड टिपण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. त्यात कार्डावर पडणारा प्रकाश छायाचित्रकाराचा असतो, विषयाचा नाही. खिडकीजवळ बसलेली नवरी आणि ट्यूबखाली उभा असलेला छायाचित्रकार यांच्यात चार पावलांचे अंतर असले तरी प्रकाश पूर्ण वेगळा असू शकतो.

कार्डाची पुढची बाजू अशा रीतीने वळवावी की विषयाच्या कॅमेऱ्याला दिसणाऱ्या भागावर जो प्रकाश पडतो, तोच कार्डावरही पडावा. सूर्य विषयाच्या मागे असेल तर कार्ड सूर्याकडे वळवणे चूक ठरते, कारण चेहऱ्यावर तेव्हा थेट ऊन नसून आकाशाचा आणि जमिनीवरून परतलेला प्रकाश असतो. कार्ड थोडे मागे-पुढे कलवून त्यावरची चमक घालवावी. चमक राहिली तर कार्डाचा रंग न मोजता दिव्याचे प्रतिबिंब मोजले जाते. कार्ड धरणाऱ्याची बोटे कडेलाच असावीत आणि कार्ड अंगापासून वीतभर दूर असावे, कारण भडक रंगाच्या शालूचा किंवा कुर्त्याचा रंग कार्डावर सहज पडतो.

कार्डाने संपूर्ण चौकट भरण्याची गरज नाही. मध्यभागी निवांत निवडता येईल एवढा भाग पुरतो, आणि फोकस थोडा सुटला तरी चालतो. एक्स्पोजर मात्र तपासावे. कार्ड इतके उजळ होऊ देऊ नये की तीनपैकी एकही रंग हिस्टोग्रामच्या, म्हणजे चित्रातील उजेडाची विभागणी दाखवणाऱ्या आलेखाच्या, उजव्या भिंतीला टेकेल. एक रंग तिथे अडकला की त्याचा खरा आकडा हरवतो आणि तिन्हींचे प्रमाण खोटे ठरते. कार्ड पांढरे नसून राखाडी का असते, याचे एक मोठे कारण हेच आहे.

एलईडी किंवा ट्यूबच्या प्रकाशात शटरच्या वेगाकडेही लक्ष द्यावे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून विजेवरचे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५०० सेकंदावर असेल तर प्रत्येक छायाचित्र त्या लुकलुकीच्या वेगळ्या क्षणी टिपले जाते आणि ओळीने काढलेल्या छायाचित्रांचा उजेड व रंग बदलत राहतो; मग कार्डाचे एक छायाचित्र बाकीच्यांचे प्रतिनिधित्व करत नाही. अशा जागी १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवावे.

प्रकाश बदलला की कार्ड पुन्हा टिपावे. गंगापूर धरणाच्या काठी सूर्यास्ताच्या आसपास मी दर दहा मिनिटांनी कार्ड टिपतो. स्टुडिओत दिवे हलवले नाहीत तर सुरुवातीचे एकच पुरते. लग्नात दोन कॅमेरे असतील तर कार्ड दोन्ही कॅमेऱ्यांनी स्वतंत्रपणे टिपावे. एका कॅमेऱ्यावर मिळालेला केल्विनचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला लावला तर रंग जुळत नाहीत, कारण प्रत्येक सेन्सरचे तीन रंग वेगळ्या प्रकारे प्रतिसाद देतात.

संगणकावरचे काम

आधी पडद्याकडे पाहावे. पडद्याचे कॅलिब्रेशन (रंगांची जुळवणी) उपकरणाने केलेले असेल तर उत्तम. तशी सोय नसेल तर निदान ‘नाइट मोड’ आणि डोळ्यांना आराम देणारे पिवळट पर्याय बंद करावेत. कार्डाची मोजणी आकड्यांवर चालते, त्यामुळे पडदा चुकीचा असला तरी व्हाइट बॅलन्स बरोबर येतो. धोका नंतरचा आहे: बरोबर आलेला रंग चुकीच्या पडद्यावर खटकतो आणि आपण तो ‘सुधारायला’ जातो.

लाइटरूम या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचे छायाचित्र डेव्हलप विभागात उघडावे. प्रथम प्रोफाइल (रॉ फाइलचे रंग कसे दाखवायचे याचा पाया) ठरवून घ्यावे, आणि आयात करताना एखादा प्रीसेट, म्हणजे तयार बदलांचा संच, लागला असेल तर त्यातील रंगछटांचे बदल काढून टाकावेत. गडद भागाला निळी आणि उजळ भागाला नारिंगी छटा देणारा प्रीसेट चालू असेल, तर दुरुस्ती बरोबर होऊनही कार्डाचे आकडे समान दिसणार नाहीत. त्यानंतर ‘डब्ल्यू’ ही कळ दाबली की चित्रातला रंग मोजणारा ड्रॉपर हाती येतो. तो कार्डाच्या मधल्या, चमक आणि सावली नसलेल्या भागावर नेऊन टिचकी मारावी. जागा फार उजळ असेल तर सॉफ्टवेअर तसे कळवते आणि दुरुस्ती नाकारते. कार्डाचे एक्स्पोजर चुकल्याची ती खूण समजावी.

एका टिचकीवर समाधान मानू नये. कार्डाच्या चार-पाच वेगवेगळ्या जागी टिचकी मारून टेम्परेचर आणि टिंटचे आकडे पाहावेत. ते जवळजवळ स्थिर राहिले तर कार्डावरचा प्रकाश एकसारखा होता. डावीकडून उजवीकडे जाताना आकडे शेकड्यांनी बदलत असतील, तर कार्डावर दोन वेगळे प्रकाश पडले होते, आणि तेच विषयावरही पडले असणार. मग हिस्टोग्रामखाली दिसणारी लाल, हिरव्या आणि निळ्याची टक्केवारी वाचावी. ड्रॉपर कार्डावर असताना तिन्ही आकडे अर्ध्या टक्क्याच्या आत जुळले पाहिजेत. नीट एक्स्पोज झालेल्या १८ टक्क्यांच्या कार्डासाठी ते साधारण ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान येतात. फोटोशॉपमध्ये लॅब मूल्ये (उजेड आणि रंग वेगवेगळे दाखवणारे आकडे) पाहण्याची सवय असेल तर ‘ए’ आणि ‘बी’ हे दोन्ही आकडे शून्याच्या जवळ आले, की कार्ड तटस्थ झाले असे समजावे.

आता ही दुरुस्ती बाकीच्या छायाचित्रांना द्यायची. कार्डाचे छायाचित्र आधी निवडावे, मग शिफ्ट दाबून त्याच प्रकाशातील शेवटच्या छायाचित्रापर्यंत निवड करावी आणि ‘सिंक’ करताना फक्त व्हाइट बॅलन्सच्या चौकटीत खूण ठेवावी. व्हाइट बॅलन्सच्या यादीत ‘कस्टम’ लिहिलेले आहे, याची त्याआधी खात्री करावी. तिथे ‘ॲज शॉट’ असेल तर प्रत्येक छायाचित्राला कॅमेऱ्याने ठरवलेला त्याचा-त्याचा व्हाइट बॅलन्स मिळतो आणि कार्डाचे श्रम वाया जातात. पुढच्या कार्डाच्या छायाचित्रापाशी थांबून हीच कृती पुन्हा करावी. मोठ्या लग्नात मी कार्डांच्या छायाचित्रांना लाल लेबल लावतो. दोन हजार छायाचित्रांत ती शोधत बसावी लागत नाहीत.

हाताने बारीक बदल करताना केल्विनच्या आकड्यांचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवावे. २८०० वरून ३००० वर गेल्यास रंगात जेवढा फरक पडतो, तेवढाच फरक ६५०० वरून मिळवायला सुमारे ७७०० पर्यंत जावे लागते. म्हणून पिवळ्या दिव्यांच्या छायाचित्रांत पट्टी पन्नास-पन्नासाने हलवावी आणि सावलीतल्या छायाचित्रांत मोठी पावले टाकायला घाबरू नये.

इतर सॉफ्टवेअरमध्ये तत्त्व तेच आहे. ॲडोबीच्या कॅमेरा रॉ या सॉफ्टवेअरमध्ये ‘आय’ कळीने ड्रॉपर मिळतो. रॉथेरपीमध्ये ‘पिक’ने कार्डावरचा बिंदू निवडता येतो. डार्कटेबलच्या आजच्या पद्धतीत मूळ व्हाइट बॅलन्स मॉड्यूल कॅमेऱ्याच्या संदर्भमूल्यावर तसेच ठेवून ‘कलर कॅलिब्रेशन’ मॉड्यूलमधील ड्रॉपरने कार्डाचा भाग निवडायचा असतो. दोन्ही मॉड्यूलमध्ये दुरुस्ती केली तर ती दुप्पट लागते.

जेपेग आणि मोबाइल

जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच तयार करून दिलेल्या चित्रफाइलमध्ये, व्हाइट बॅलन्स आधीच आकड्यांत भाजला गेलेला असतो. लाइटरूम अशा फाइलवर केल्विन न दाखवता उणे १०० ते अधिक १०० अशी पट्टी दाखवते, कारण मूळ प्रकाश किती केल्विनचा होता हे तिला कळण्याचा मार्ग उरलेला नसतो. ड्रॉपर तरीही चालतो आणि सौम्य झाक चांगली काढतो. फोटोशॉपमध्ये लेव्हल्स किंवा कर्व्ह्जमधील मधला, राखाडी ड्रॉपर कार्डावर टेकवला तरी तेच काम होते; ते स्वतंत्र ॲडजस्टमेंट लेयरवर करावे. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या जेपेगमध्ये निळ्या रंगाची माहिती आधीच तुटपुंजी असते, ती ताणली की सावल्यांत ठिपके आणि पट्टे दिसू लागतात. जेपेगच काढायचे असेल, तर कार्ड टिपून कॅमेऱ्यातच कस्टम व्हाइट बॅलन्स ठरवणे हा खरा उपाय. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये रॉची सोय असेल तर ती वापरावी. लाइटरूमच्या मोबाइल आवृत्तीत आणि स्नॅपसीडमध्येही व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर आहे.

जिथे एक कार्ड पुरत नाही

मंगल कार्यालयातील व्यासपीठ हे याचे सर्वांत कठीण उदाहरण. समोरून व्हिडिओचा दिवा, वरून पिवळ्या झुंबरांचा प्रकाश, मागे जांभळी एलईडी भिंत आणि बाजूच्या खिडकीतून आलेले ऊन, असे चार प्रकाश एकाच चौकटीत असतात. येथे सगळी चौकट तटस्थ करणारा एक आकडा अस्तित्वातच नसतो. कार्ड वधूवरांच्या चेहऱ्यापाशी धरावे, चेहरे बरोबर करावेत आणि उरलेल्या भागासाठी मास्क, म्हणजे ठरावीक भागापुरती दुरुस्ती करण्याची निवड, वापरावा: खिडकीकडची बाजू निळी राहिली असेल तर तिथे मास्क काढून त्याच्या टेम्परेचरची पट्टी थोडी पिवळ्याकडे न्यावी. रंगीत कापडाच्या मांडवाखाली ऊन कापडातून गाळून येते, तेव्हा तर कार्ड अनिवार्यच समजावे, कारण लाल-पिवळ्या मांडवातील त्वचेचा रंग अंदाजाने सापडत नाही.

दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत जानेवारी ते मार्च या काढणीच्या हंगामात मला वेगळीच अडचण येते. मांडवावरच्या वेलींखाली पोहोचणारा प्रकाश पानांतून आलेला असतो, म्हणून हिरवा असतो. कार्ड घडापाशी धरून ड्रॉपर टेकवला की टिंट मॅजेंटाकडे बराच सरकतो. घड तोडणाऱ्या ताईंचा चेहरा छान मोकळा होतो. पण मांडवाच्या कडेला उन्हात असलेली पाने आणि माती गुलाबी पडते, आणि बागेत उभे राहिल्याची जाणीवच नाहीशी होते. येथे मी दोन कार्डे टिपतो, एक मांडवाखाली आणि एक बाहेर उन्हात. माणूस मुख्य असेल तर दोन आकड्यांच्या मध्ये, मांडवाखालच्या आकड्याकडे थोडा झुकता व्हाइट बॅलन्स ठेवतो. निर्यातदाराला मण्यांचा रंग दाखवायचा असेल तर घड मांडवाबाहेर, मोकळ्या सावलीत आणून कार्डासह टिपतो. पानांखालच्या प्रकाशात मण्यांचा रंग अचूक दाखवण्याचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही प्रकाशांपुढे कार्डही हतबल असते. रस्त्यावरच्या जुन्या सोडियम दिव्यात निळ्या रंगाचा अंश जवळजवळ नसतो, आणि जो रंग प्रकाशातच नव्हता, तो कोणत्याही गुणाकाराने परत येत नाही. हलक्या दर्जाच्या एलईडीचेही असेच असते: कार्ड तटस्थ होते, पण लाल कुंकू आणि डाळिंबी साडी मलूल राहते. अशा वेळी दिवाच बदलावा लागतो.

घाटावरच्या दिव्यांचा पिवळेपणा

रामकुंडावर संध्याकाळच्या आरतीच्या वेळी ज्योतीपाशी धरलेल्या कार्डावर ड्रॉपर टेकवून पाहावा. टेम्परेचरची पट्टी जवळजवळ डाव्या टोकाला, २००० केल्विनला जाऊन अडते. चित्र तटस्थतेकडे येते, आणि आरती ट्यूबलाइटखाली चालली आहे असे वाटू लागते. मागच्या गोदावरीवरचे आणि आकाशाचे निळे रूप भडक होते. येथे मोजमाप बरोबर असते, पण घाटावर उभ्या असलेल्या कोणालाही आरती तशी दिसलेली नसते. मी अशा छायाचित्रांत ३००० ते ३५०० केल्विनच्या आसपास थांबतो, म्हणजे ज्योत सोनेरी राहते आणि चेहरे नारिंगी होत नाहीत. मग कार्ड कशासाठी टिपायचे? टिंटसाठी. घाटावरच्या एलईडी दिव्यांची हिरवी झाक ज्योतीच्या पिवळेपणात लपून राहते आणि डोळ्याला नेमकी सापडत नाही. त्या दिव्यांखाली टिपलेल्या कार्डावरून टिंट घ्यावा आणि टेम्परेचर आपल्या आठवणीप्रमाणे ठेवावे.

पैठणीची शेवटची तपासणी

साड्यांच्या कामात मात्र आठवणीला जागा नाही. उत्तरेकडील खिडकीजवळ किंवा दोन सारख्या, चांगल्या दर्जाच्या दिव्यांखाली साडी पसरावी, खोलीतील बाकीचे दिवे बंद करावेत आणि रंगीत भिंतीपासून दूर राहावे. कार्ड आधी काठावर, मग पदरावर टिपावे. जरीवर कधीही ड्रॉपर टेकवू नये. ती सोनेरी आहे, आणि तिला राखाडी मानले की येवल्याच्या त्या साडीसारखेच सगळे चित्र निळे होते.

ताणा आणि बाणा वेगवेगळ्या रंगांचा असलेली धूपछाव पैठणी कोन बदलला की रंग बदलते. तिचे एकच ‘खरे’ छायाचित्र नसते, म्हणून ती किमान दोन कोनांतून, प्रत्येक वेळी कार्डासह टिपावी. वांगी आणि जांभळ्या छटांची आणखी एक अडचण आहे: कॅमेऱ्याचा सेन्सर या रंगांना डोळ्याप्रमाणे प्रतिसाद देत नाही, म्हणून व्हाइट बॅलन्स अचूक असूनही त्या थोड्या निळ्याकडे झुकू शकतात. यासाठी १९७६ पासून वापरात असलेला २४ रंगांचा कलरचेकर तक्ता कार्डासोबत टिपून त्यावरून त्या प्रकाशाचे कॅमेरा प्रोफाइल बनवावे, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर एकेका रंगाची छटा, तीव्रता आणि उजळपणा बदलणाऱ्या एचएसएल पट्ट्यांमधील जांभळ्याची छटा साडी समोर ठेवून जुळवावी.

छायाचित्र एसआरजीबी या सर्वत्र चालणाऱ्या रंगपद्धतीतच निर्यात करावे, कारण ॲडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीतील फाइल प्रोफाइल न वाचणाऱ्या ॲपमध्ये फिकी दिसते. त्यानंतर साडी दिवसाच्या उजेडात पडद्याशेजारी धरून मी विणकराला किंवा त्यांच्या घरातील कोणाला तरी विचारतो, कारण त्या रंगाचे रेशीम त्यांनी स्वतः हाताळलेले असते. त्यांनी मान हलवली, की छायाचित्राखाली रंगाचे नाव शब्दांतही लिहितो: ‘वांगी, तांबूस झाक असलेला, निळसर नव्हे’.